कूलरखालची भिंत

धुळ्यातलं आमचं घर वडिलांनी बांधलेलं. दोन खोल्या, भाजक्या विटा चुन्यात रचलेल्या, बाहेरून गिलावा नाही. पश्चिमेची भिंत शेजारच्या अक्कांच्या अंगणाला लागून आहे. चार वर्षांपूर्वी तिथे पांढरे डाग पडले होते. मी नळीने भिंत धुतली, विटांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, सिमेंटने भरून घेतल्या आणि काम झालं म्हणून पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी, अक्का दारात आल्या. एरवी आमचं बोलणं "बरं आहे ना" एवढंच.

"नाना, तुमनी भित एकदा मना आंगनमाईन देखा," त्या अहिराणीत म्हणाल्या.

गेलो आणि शरमलो. खिडकीतल्या कूलरखाली पुरुषभर उंचीचा पांढरा पट्टा, कडेने शेवाळ. सिमेंट जागच्या जागी होतं, पण विटांचेच पापुद्रे सुटत होते. वरच्या जुन्या चुन्याला बोट लावलं तर पिठासारखा गळाला. अक्कांची खाट बरोबर समोर होती. म्हणजे गेली दोन वर्षं त्या रोज हेच बघत बसत होत्या.

सोनगीरच्या एका गवंड्याला बोलावलं. माझ्याच वयाचा, चुन्याचं काम वडिलांच्या हाताखाली शिकलेला. त्याने पांढरी भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावली.

"खारं शे. पानी कोठून ई राहिनं ते पहिले देखा."

मी आत जाऊन कूलर भरला आणि चालू केला. बाहेर आलो तर टाकीच्या गंजलेल्या कोपऱ्यातून बारीक धार भिंतीवरून उतरत होती. बोअरचं जड पाणी, सगळा उन्हाळा.

"हाई बंद करा. भित वाळू द्या, मंग हात लावसु."

कूलर उत्तरेच्या खिडकीत हलवला, टाकी बदलली. महिन्याभराने गवंडी परत आला. छन्नीने हलक्या हाताने सिमेंट काढलं, मग कोरडाच ब्रश मारू लागला. मी उत्साहाने नळी घेऊन गेलो, तर त्याने हात आडवा केला.

"पानी नको, नाना. मीठ परत विटमा जाई."

माझी पहिली चूक तेव्हा कळली. दुसरी त्याने चुन्याने दर्जा भरताना सांगितली. आमच्या विटा मऊ, सिमेंट कडक. ओल दर्जेतून बाहेर पडू शकली नाही, म्हणून तिने विटाच फोडल्या. चुना तिला वाट देतो.

चुना सावकाश घट्ट व्हावा म्हणून नव्या दर्जांवर ओली गोणपाटं टांगायची होती आणि आठ दिवस ती वाळू द्यायची नव्हती. "मना आंगनमा शे, मीच पानी मारसु," अक्कांनी जाहीर केलं. तरी मी दिवसातून तीनदा जायचो. दर वेळी गोणपाटं आधीच भिजलेली असायची आणि अक्का खाटेवर सरकून मला जागा करायच्या. गळलेला चुना दोन वर्षं त्या रोज झाडून काढत होत्या, हे तिथेच कळलं.

"आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्ही नवं सिमेंट भरेल व्हतं. म्हंतलं, तुमले वाईट वाटी."

मी बादली उचलून एक कोरडा राहिलेला कोपरा भिजवला.

शेवटच्या दिवशी अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि भरीत केलं. गवंडी, मी आणि माझी बायको त्यांच्या अंगणात मांडी घालून जेवलो. गवंडी जेवताना मधेच उठून एका दर्जेवर अंगठा दाबून आला आणि समाधानाने पुन्हा भाकरीला लागला.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. अगदी खालच्या थरावर एक पुसट पांढरी रेघ अजून उमटते. ती कोरड्या ब्रशने झाडायला मी महिन्यातून एकदा जातो, आणि अर्ध्या तासाच्या कामाला सकाळ कशी जाते ते बायको आता विचारत नाही. बऱ्याचदा तीही अक्कांच्या खाटेवर येऊन बसलेली असते.