धुळाजीनं पाठ केलेली पोथी

चकलांब्याच्या धुळाजी धनगराला अक्षर येत नव्हतं, पण दोनशे मेंढरांतलं एकेक मेंढरू तो तोंडावरून ओळखायचा. त्या साली कळपात खुरांचा रोग शिरला. खुरं सडू लागली, मेंढरं जागच्या जागी बसू लागली. जनावरांच्या औषधांची एक पोथी गावात पूर्वी होती, पण वाळवीनं तिची माती केली होती. तिची नक्कल मात्र हैदराबादच्या सरकारी कुतुबखान्यात गेलेली आहे, असं शाळेचे मास्तर सुंदरराव यांनी त्याला सांगितलं.

"कुतुबखाना म्हंजी काय, मास्तर?"

"सरकारनं मुलखातली पुस्तकं जतन करायला बांधलेलं घर. कुणीही जाऊन वाचावं."

"मला कुठं वाचता येतंय?"

"ऐकता तर येतं की!"

बायको साखराबाईनं भाकरी बांधून दिल्या. "मेंढरं मी बगते, तुमी जावा," म्हणाली. धुळाजी पायी जालन्याला गेला आणि तिथून आगीनगाडीत बसला.

कुतुबखान्यात मराठी पोथ्या आप्पाराव नावाच्या कारकुनाच्या ताब्यात होत्या. त्यांनी पोथी काढली. "ही इथून बाहेर जायची नाही. मी वाचतो, पण लिहून कोण घेणार?"

"डोस्क्यात ठिवतो, मालक. आमच्यात ओव्या अशाच पाठ करतेत."

आप्पाराव हसले. पण पहिली चार पानं वाचून झाली, तेव्हा धुळाजीनं ती अडखळल्याविना म्हणून दाखवली. मग मात्र त्यांना हसू आलं नाही. रोज काम आटोपलं की ते त्याच्यासाठी वाचत बसू लागले.

सहाव्या दिवशी धुळाजीनं त्यांना थांबवलं. "रुईचा पाला पाजा म्हनतीय पोथी? पाजला तर मेंढरू मरंल! खुराला बांदतेत त्यो."

"लिहिलंय ते असं आहे."

"मंग लिवणारा चुकला."

आप्पाराव उठले. आतल्या कपाटात त्याच पोथीची आणखी जुनी प्रत होती. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'खुरास बांधावा'. त्यांनी नव्या प्रतीला चिठ्ठी जोडली, 'ही चूक चकलांब्याचे धुळाजी धनगर यांनी दाखविली.' चिठ्ठी वाचून दाखवल्यावर धुळाजी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

गावी परतल्यावर तो सांगत गेला आणि सुंदररावांनी सबंध पोथी उतरवून काढली. चाळीसेक मेंढरं दगावली होती, बाकीची उपचारानं हळूहळू उभी राहिली. नेकनूरकडचे धनगरही विचारायला येऊ लागले.

पुढच्या वर्षी आप्पारावांचं पत्र आलं. पोथीत नसलेले इलाज लिहून पाठवा, कुतुबखान्यात जपून ठेवू. धुळाजीनं अकरा इलाज सांगितले. त्यातले तीन साखराबाईचे होते, आणि ते तिच्याच नावानं लिहा, असं त्यानं मास्तरांना बजावून सांगितलं.