मथुराबाईचं भ्या

मथुराबाई भित्री आहे, हे तेरखेड्यात कुणालाही विचारा, तो सांगेल आणि सांगता सांगता हसेल. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या भुवया कधी ना कधी जळालेल्या आहेत, ही गोष्ट वेगळी. फटाक्याच्या कारखान्यात बावीस वर्षं वाती घालूनही जिच्या अंगावर एक फोड उठलेला नाही, ती बाई भित्री नसेल तर दुसरं काय असेल?

तिथं भ्या हाच कामाचा अर्धा भाग असतो. नायलॉनची साडी चालत नाही, सुतीच लागते. अंगावर धातूचा मणी नको, पदराला पिनसुद्धा नको. दारातल्या बादलीत पाय बुडवल्याशिवाय शेडात पाऊल टाकायचं नाही. मालक आण्णासाहेब नव्या बायकांना म्हणायचे, नियम पाठ करत बसू नका, मथुराकडं बघा, ती उठली की उठा. एकदा ती हातातलं काम तसंच टाकून, न बोलता बाहेर लिंबाखाली येऊन बसली. आत काहीतरी वेगळा वास आला म्हणे. तिच्यामागं अकरा जणी उठून आल्या. त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि गावानं पुढं चार महिने तिची टिंगल केली.

पण तिचं भ्या शेडाच्या कुंपणात राहील तर शपथ. बँकेत सही करताना ती दोनदा पेन खाली ठेवायची. एसटीत कंडक्टरनं दोनदा विचारलं तर ती आपल्याच गावाचं नाव विसरायची. गणवेशातला माणूस दिसला की ती वाट बदलायची, मग तो पोस्टमन का असेना. लेक संघप्रिया आठवीत असताना नवरा, तात्याराव, आजारपणात गेला आणि हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर आलं. तेव्हापासून तिच्या वतीनं बोलायचं काम नसीमबीनं घेतलं.

नसीमबी शेडात तिच्या शेजारी बसायची. ती धिप्पाड, तोंडाळ, कुणाला न ऐकणारी. शाळेत मथुराबाईला बोलावलं की नसीमबी पुढं आणि ही तिच्या पदराआड. मथुराबाई कामावरून येईपर्यंत पोरगी नसीमबीच्या घरी अभ्यास करायची, तिथंच जेवायची आणि तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ती पोरगी शिकली, नोकरीला लागली आणि लागली ती थेट कोलंबोत, कपड्यांच्या एका कंपनीत. तिथंच धाराशिवच्या अमरदीपशी तिचं जमलं. दोघांनाही लांबलचक सुट्टी मिळेना, म्हणून लग्न तिकडंच ठरलं, समुद्राच्या काठी, एका लहानशा हॉटेलच्या बागेत. अमरदीपच्या घरचे आधीच तिकडं पोचले. संघप्रियानं इकडं तीन तिकिटं पाठवली. एक आईचं, एक नसीमखालाचं आणि एक विठाबाईचं. शेडातल्या सगळ्यांत थोरल्या त्या विठाबाई. संघप्रियाला पहिली आंघोळ त्यांनीच घातली होती.

रिकाम्या हातानं कसं जायचं? लेकीच्या लग्नात जवळच्या बायकांच्या जुन्या साड्यांची गोधडी द्यायची, ही आपल्याकडची रीत. तिघींनी आपापल्या कामावरच्या साड्या काढल्या. अस्तराला तात्यारावांचं धोतर घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत, लिंबाखाली बसून, तिघींनी ती गोधडी शिवली. हात धुवायचे ते भाकरी खाण्यापुरते. शिवून झाल्यावर ती इतकी देखणी दिसली की आण्णासाहेबांनी स्वतः येऊन बघितली.

जाण्याआधी पंधरा दिवस संघप्रियानं फोनवर बजावलं, आई, विमानतळावर शोभेच्या दारूचं, फटाक्याचं नाव काढू नका, तिथं त्या शब्दांची थट्टा चालत नाही. झालं. मथुराबाईची झोप उडाली. थट्टा करू नका एवढंच पोरीचं म्हणणं, पण हिनं त्याचा अर्थ असा लावला की कामाचं नावच घ्यायचं नाही. तिनं दोघींकडून पाठ करून घेतलं. कुणी विचारलं काय करता, तर शेतात कामाला जातो म्हणायचं. फटाक्यांच्या खोक्यांना टेकून बसायचं आणि खुरपणीचं उत्तर घोकायचं, असा तो पंधरवडा गेला. विठाबाई हसून हसून बेजार झाल्या, पण पाठ त्यांनीही केलं.

धाराशिवहून रेल्वेनं मुंबई, तिथून रिक्षानं विमानतळ. गोधडीची पिशवी मथुराबाईनं छातीशी धरलेली. सामानात टाकायला ती तयार नव्हती, हरवली तर? पासपोर्टवर शिक्के पडले तोवर ठीक चाललं होतं. मग तपासणीची रांग आली. पुढं गणवेशच गणवेश, बंदुका, माणसं पट्टे काढून हात वर करून उभी. मथुराबाईनं पिशवी नसीमबीच्या हातात कोंबली आणि म्हणाली, तू धर गं, माझ्यानं न्हाय व्हायचं. नसीमबीनं धरली. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

मथुराबाई आणि विठाबाई पलीकडं गेल्या. नसीमबीच्या पिशवीपाशी गणवेशातली एक बाई थांबली. तिनं गोधडी अर्धी बाहेर काढली, कापडाची एक चिंधी तिच्यावरून फिरवली आणि ती चिंधी स्फोटकांचा कण हुडकणाऱ्या यंत्रात घातली. यंत्रावर लाल दिवा लागला. तिनं दुसरी चिंधी घेतली, पुन्हा लाल. मग चिंधी नसीमबीच्या दोन्ही तळव्यांवरून फिरली, आणि पुन्हा लाल.

तुम्ही काय काम करता, असं त्या बाईनं हिंदीत विचारलं. नसीमबीनं पाठ केलेलं सांगितलं. शेतात काय करता? खुरपते. नाव काय? नाव सांगितलं. आणखी दोघं येऊन उभे राहिले. कुणी ओरडलं नाही, कुणी हात लावला नाही; ओरडले असते तर मथुराबाईला बरं वाटलं असतं. ते नुसते गप्प झाले होते, आणि शेडातल्या वेगळ्या वासासारखी ती शांतता तिला ओळखू आली.

बरोबर कोण आहे, असं त्यांनी विचारलं. नसीमबीनं मान वळवून मथुराबाईकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "कोई नहीं. अकेली हूँ."

मथुराबाई दहा पावलांवर होती. तिनं तोंड उघडलं असतं तर ऐकू गेलं असतं. तिनं उघडलं नाही. नसीमबीला काचेच्या एका खोलीत नेलं, गोधडीही नेली.

विठाबाईंनी मथुराबाईला बाजूला ओढलं. विमानाला पाऊण तास होता. लग्न उद्या सकाळी दहाला. "तू पोरीची आई हायस," विठाबाई म्हणाल्या. "तू जा. म्या बसते इथं हिच्यापाशी." मथुराबाई जराही आढेवेढे न घेता निघाली, हे लिहायला मला आवडत नाही, पण निघाली. तिचे पाय भराभर पडत होते. मागं वळून बघायची तिची छाती नव्हती.

विमानाकडं जाणाऱ्या दारापाशी जाऊन ती खुर्चीवर बसली. हातातला पास घामानं ओला. आपण सुटलो, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. मग तिला संघप्रिया दिसू लागली, पांढऱ्या साडीतली, धावत येणारी. धावत येऊन ती पहिली काय विचारेल? खाला कुठंय? मथुराबाईनं उत्तर जुळवायला घेतलं. मागून येतीय म्हणावं, तर कधी? विमान चुकलं म्हणावं, तर तुझं कसं नाही चुकलं? धरून ठेवलं म्हणावं, तर मग तू इथं काय करतीस? शेतमजुरीचं उत्तर तिनं पंधरा दिवसांत बसवलं होतं. हे उत्तर काही केल्या बसेना. रांग पुढं सरकत होती. ती उठून रांगेत लागली आणि तिला इतकं भ्या वाटायला लागलं की पूर्वी कधी वाटलं नव्हतं. पोलिसाचं नव्हे, विमानाचंही नव्हे. आपण तिकडं पोचू, याचं.

काउंटरवरच्या मुलीनं पासासाठी हात पुढं केला. मथुराबाईनं पास मागं घेतला.

परतताना ती दोनदा रस्ता चुकली. अत्तरांच्या दुकानांतून, चॉकलेटांच्या ढिगांतून, भिंतीला हात लावत लावत ती कशीबशी काचेच्या खोलीशी पोचली. विठाबाई बाहेर उभ्याच होत्या. मथुराबाई सरळ आत गेली. तिनं आधी दोन्ही तळवे पुढं केले.

"बाई, माझे बी हात पुसून बघा," ती म्हणाली. "आमी फटाके करतो. तेरखेड्याच्या हाव. शेतमजुरी सांग म्हणून हिला म्याच पढवलं. गोधडी बी माझीच हाय."

एवढं बोलून ती खालीच बसली. गणवेशातल्या बाईला मराठी येत होती. तिनं चिंधी फिरवली, लाल. मागून विठाबाईंनी हात पुढं केले, तेही लाल. त्या बाईच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तिनं मथुराबाईला पाणी दिलं आणि फोन उचलला.

खरं कळलं म्हणून काम लगेच होत नाही. आण्णासाहेब बार्शीला गेलेले, त्यांचा फोन लागेना. मग गावाकडच्या पोलीस ठाण्याला फोन, मग परवान्याचे कागद, मग ते कागद खरे का याची चौकशी. प्रत्येक वेळी दार उघडलं की मथुराबाई नसीमबीचं मनगट घट्ट धरायची. अडीच तासांनी तिघींना जा म्हणाले. चूक कुणाची नव्हती, यंत्रानं खरं तेच सांगितलं होतं. विमान मात्र गेलं होतं, आणि गोधडी काही त्यांनी सोडली नाही. तात्यारावांचं धोतरही तिच्याबरोबर राहिलं.

अमरदीपनं फोनवर खटपट करून दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानात जागा मिळवल्या. लग्न पुढं ढकलता येईना, मंगलविधीला येणाऱ्या भंतेंना दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं. रात्र खुर्च्यांवर काढून सकाळी दहाला तिघी विमानतळाच्या दाराबाहेर होत्या. नसीमबीच्या फोनमध्ये बोटाएवढी संघप्रिया दिसत होती आणि तिच्यामागं काहीतरी निळं हलत होतं. त्रिशरण सुरू झालं तशी मथुराबाई उठून हात जोडून उभी राहिली. विठाबाई उभ्या राहिल्या. नसीमबीनंही डोक्यावर पदर घेतला आणि फोन उंच धरून उभी राहिली. सामानाच्या गाड्या ढकलणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. पुष्पमाला घालायच्या वेळी चित्र अडकलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा माळा पडलेल्या होत्या.

संध्याकाळी त्या पोचल्या तेव्हा बागेत माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. संघप्रिया पांढऱ्या साडीतच होती. ती धावत आली आणि आईला मिठी न मारता समोर उभी राहून रडायला लागली. "तुला कुणी अडवलं नव्हतं ना?" ती म्हणाली. "आई, तू तरी यायचं होतंस."

मथुराबाईचे ओठ हलले. ती बोलायच्या आत नसीमबी बोलली. "हिला काय म्हनतीस? हिला म्या लाख बार म्हनलं, जा. माझा हात सोडला न्हाय हिनं. साऱ्या पोलिसांपुढं उभी राहून बोलली तुझी आई." संघप्रियानं आईकडं असं पाहिलं, जसं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं, आणि मग तिच्या गळ्यात पडली. विठाबाई समुद्राकडं बघत राहिल्या.

नंतर तिघी पाण्यापाशी गेल्या. लाट आली की मथुराबाई मागं सरायची, लाट गेली की तिथंच उभी राहायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला धीट म्हटलं होतं. गप्प राहिलं असतं तर ते तसंच राहिलं असतं, तेरखेड्यापर्यंत गेलं असतं. विठाबाई बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. मथुराबाईच्या छातीत धडधडत होतं, काचेच्या खोलीत धडधडलं नव्हतं तेवढं.

"नसीम," ती म्हणाली, "म्या गेले हुते. तुला तिथं टाकून. पार इमानाच्या दारापतुर."

नसीमबीनं लुगड्याचा ओला काठ पिळला.

"ठाव हाय मला. काचेतनं दिसत हुतं," ती म्हणाली. "जाताना बी दिसलीस, येताना बी दिसलीस. पोरीला म्या येतानाचं सांगितलं."