ट्रकातली ड्यूटी

फौजी भाडेकरू ठेवायचा नाही, असं मी हबीबमियांना दहादा बजावलं होतं. भाडं वेळेवर देतात, बोलायला अदबीचे असतात, सगळं खरं. पण माणूस जरा रुळला, त्याच्या हातच्या चहाची आपल्याला सवय झाली, की बदलीचा हुकूम येतो. छावणीला लागून घर असलं की हे दुखणं पाचवीला पुजलेलं. तरी आमच्या यजमानांनी वरची खोली हवालदार सोमनाथला कबूल करून टाकली. छावणीतलं क्वार्टर मिळेपर्यंत, म्हणे.

"पोरगी आपल्या लासूर स्टेशनची हाय," हबीबमियां म्हणाले, जणू लासूरची माणसं कुठं गेली की हलतच नाहीत.

पोरगी म्हणजे सोमनाथची बायको, सोनिया. दोघं जोधपूरहून रेल्वेनं आली होती आणि सामानाचा ट्रक मागून यायचा होता. सोनिया पहिल्याच संध्याकाळी माझ्या ओट्याशी उभी राहून कांदा चिरायला लागली आणि चिरता चिरता सगळं सांगून मोकळी झाली. आधीच्या दोन गावांत ती शाळेत शिकवायची. बदली आली की कुंडीतली तुळस शेजारणीला द्यायची आणि नोकरी शाळेला परत करायची. मग तिला घरबसल्या काम मिळालं. सौरपंपाच्या तक्रारी घेणारं एक मदतकेंद्र होतं. शेतकरी फोन करणार आणि ही लॅपटॉपसमोर बसून उत्तरं देणार. बरोबर नेता येईल अशी ही तिची पहिलीच नोकरी.

"मग काळजी कशाची?" मी विचारलं.

काळजी होती. जोधपूरच्या क्वार्टरमागं मोर ओरडायचे, ते फोनवर ऐकू गेले आणि तिला ताकीद मिळाली होती. पुन्हा मागं गोंगाट आला किंवा कामाची एक पाळी चुकली, तर काम बंद. बदलीसाठी रजा मागितली तेव्हा वरच्या बाई म्हणाल्या, "बदली तुमच्या मिस्टरांची झालीये, आमची नाही." मला त्या बाईचा असा संताप आला, की भाजीत मीठ दोनदा पडलं.

सोमवारी सकाळी नऊला तिची पाळी होती. शनिवारी यायचा ट्रक सोमवारी सकाळी आठ वाजून गेल्यावर आमच्या गल्लीत घुसला. सोनिया धावतच खाली आली.

"अहो, लॅपटॉप कुठल्या ट्रंकेत हाय?"

सोमनाथ छाती काढून म्हणाला, "कुलूपवाल्या. दोन रजयांत गुंडाळलाय. कंपनीचा माल, रेल्वेत चोरी झाली तर? सगळ्यात पहिली तीच चढवली."

मग त्याचं तोंड हळूहळू उतरलं. पहिली चढवलेली ट्रंक म्हणजे सगळ्यात आत. तिच्यापुढं कपाट, पलंग, कूलर, वॉशिंग मशीन. हमाल दुपारी यायचे होते. फौजेत शिस्त लई, पण शिस्तीनं केलेली चूकसुद्धा पक्की होते.

सोनियानं ओढणी कमरेला खोचली, ती कपाटावर चढली, पलंगावरून सरपटत ताडपत्रीखाली दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "मिळाला! बाहेर यायला वेळ नाय, मी इथंच बसते!"

मोबाइलचं नेट तिनं जोडलं, पण आवाजाचं काय? आमच्या गल्लीत मोटरसायकली, भोंगे, भंगारवाले आणि खुद्द आमच्या गाद्यांच्या दुकानातलं कापूस पिंजायचं मशीन. हबीबमियांनी सगळ्यात आधी ते बंद केलं.

"कापूस आवाज खातो," ते सोमनाथला म्हणाले. "चल, गाद्या उचल."

लग्नाच्या ऑर्डरीच्या सगळ्या नव्या गाद्या त्यांनी ट्रकाच्या तोंडाशी उभ्या लावल्या. ड्रायव्हर वैतागला, त्याला मी कीमा-रोटी देऊन ओसरीवर बसवला. मग गल्ली हातात घेतली. माझी जीभ मोहल्ल्यात मशहूर आहे, पण तिचा असा नेक वापर कधी झाला नव्हता. भंगारवाल्याला कोपऱ्यावरूनच परत लावला. पारूबाई भाजीची गाडी घेऊन आली.

"पारूबाई, आज वरडू नको. मेथी सगळी मीच घेते."

"लई मेथी हाय, खाला."

"घेते म्हनलं ना!"

गाद्यांच्या फटीतून मी मधूनमधून सरबत आत सारत होते. एकदा ऐकलं, ती कुणा तात्यासाहेबांना सौरपॅनेलवरची धूळ पुसायला सांगत होती. सोयगावचे होते, तिनं मागाहून सांगितलं. पंप सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, लई शांत हाय तुमच्याकडं, कुठं बसता?" ही म्हणाली, "बंद खोलीत, काका."

पाळी संपल्यावर ती बाहेर आली ती घामानं चिंब. वरच्या बाईंचा निरोप आला होता, नवी जागा छान आहे, आवाज स्वच्छ येतो, काम चालू ठेवा. सोनिया हसली आणि लगेच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. ठरवलं होतं की या वेळी जीव लावायचा नाही, पण त्या दिवशी तो लागला, आता काय लपवायचं? आमच्याकडं मात्र महिनाभर मेथीच चालली.

क्वार्टर मिळेपर्यंत म्हणता म्हणता दोन वर्षं ती आमच्याकडंच राहिली. वरच्या खोलीच्या दाराला हबीबमियांनी आतून गादीच ठोकून दिली. मग हुकूम आला, आसामचा. या वेळी सोमनाथला लॅपटॉपला हात लावायची मनाई होती. लॅपटॉप तिच्या मांडीवर बसून गेला.

पोहोचल्याचा निरोप आला. तरी तिच्या पाळीच्या पहिल्या सकाळी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नेट मिळालं असेल का? तिथं मोर असतील का? शेवटी मी मदतकेंद्राचा नंबर लावला. दुसरीच कोणी बोलली, मी ठेवला. पुन्हा लावला, तिसरीच.

"आपली विहीर नाय, पंप नाय, तक्रार कशाची?" हबीबमियां म्हणाले.

मी पुन्हा लावला.

"नमस्कार, मी सोनिया बोलतेय. काय अडचण आहे?"

आवाज स्वच्छ होता. मागं टाचणी पडल्याचंसुद्धा ऐकू आलं नसतं.

"पंप बंद हाय, बाई," मी म्हटलं.

तिनं आवाज ओळखला असणार, पण त्यांचे फोन रेकॉर्ड होतात, जास्त बोलता येत नाही.

"कधीपासून बंद आहे?"

"तू गेल्यापासून."

मग तिनं नाक ओढलं आणि कामाच्या आवाजात म्हणाली, "तक्रार नोंदवून घेतली आहे, खाला."