आत्याचे अंगभर नियम

बायकांनी काय नेसावं, काय घालावं आणि ते कुठपर्यंत यावं, याचा जेवढा विचार माझ्या आत्याने केला आहे तेवढा बायबलातल्या प्रेषित पौलानेसुद्धा केलेला नाही. पौलाने आपल्या पत्रांत दोन-चार ओळींत तो विषय संपवला आणि तो पुढच्या गावाला गेला. आत्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्याच विषयाशी बसून आहे. नगरकडच्या एका मिशन हॉस्पिटलात मेट्रन म्हणून तिची सगळी हयात गेली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं एकटी राहिली आणि मग माझ्याकडे, आयटी पार्कशेजारच्या माणला आली, तेव्हा सामानात दोन ट्रंका, स्वतःची इस्त्री आणि कांजी करायचं वेगळं पातेलं होतं. तिच्या साड्या सगळ्या सुती, फिकट रंगाच्या, बारीक काठाच्या, आणि इतक्या कडक की ती सोफ्यावर बसली की आधी साडीचा आवाज येतो आणि मग आत्या बसते. ब्लाऊजच्या बाह्या कोपरापर्यंत, खांद्यावर पिन, आणि निऱ्या अशा की कुणी पट्टी लावून आखल्या असाव्यात. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ती शिरली की लॅपटॉपच्या बॅगा अडकवलेली तरुण मुलं आपोआप शर्ट खोचू लागतात. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि मीही खोचला आहे.

तिला नटणं आवडत नाही असं समजू नये. आमच्या चर्चच्या मंडळीत पुष्कळांचा तोच समज होता. आत्याच्या मते पवित्र शास्त्राला कपड्यांतलं पुष्कळ कळतं. पेत्राने बायकांना वेण्या-दागिन्यांपेक्षा अंतःकरणाची शोभा महत्त्वाची असं सांगितलं, हे तिला मान्यच आहे. पण नीतिसूत्रांतल्या त्या सद्गुणी बाईची वस्त्रं तलम आणि जांभळ्या रंगाची होती, हेही ती लगेच ऐकवते. अहरोन याजकाचे कपडे देवाने मुद्दाम शोभेसाठी शिवून घेतले, तेव्हा पुरुषांनी चुरगळलेला शर्ट घालून उपासनेला येऊ नये, असा अर्थ तिने त्यातून काढला आहे. यशया संदेष्ट्यावर मात्र तिचा थोडा राग आहे. सियोनच्या गर्विष्ठ बायकांना बोल लावताना तो पैंजणं, डूल, नथा, बटवे, आरसे असं एकेक मोजत जातो. "एवढी नावं त्याला आली कुठून?" आत्या विचारते. "संदेष्टा असला तरी नजर खाली ठेवावी."

आमची मंडळी छोटी आहे. माणच्या चौकाजवळ हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेतला आहे. येणारे बहुतेक नोकरीनिमित्त लातूर, जालना, अकोल्याहून आलेले तरुण. आत्याने पहिल्याच महिन्यात दारापाशी एका स्टुलावर ओढण्यांची टोपली ठेवली. बाह्या नसलेल्या कपड्यांत कुणी आली की आत्या आमच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे "सलाम" म्हणायची, हात हातात घ्यायची आणि सलाम पूर्ण व्हायच्या आत त्या मुलीच्या खांद्यावर ओढणी आलेली असायची. जखमेवर पट्टी बांधावी तितकं ते सफाईदार होतं. पुरुषांनाही सूट नव्हती. एक गिटार वाजवणारा मुलगा अर्ध्या चड्डीत आला, तर तिने त्याच्या कमरेला गुलाबी फुलांची ओढणी गुंडाळली. त्याने त्या दिवशी सगळी गीतं तशीच वाजवली, आणि पुढच्या रविवारी कोट घालून आला.

हॉलच्या जिन्यात घरमालकांची आई बसलेली असायची. नऊवारीचा काचा मारलेला, पोटऱ्या उघड्या, तोंडात मिश्री. आत्याचं आणि तिचं जमायचं. एकदा ती म्हणाली, "काय वो बाई, तुमचा देव कापडं बगत बसतो व्हय?"

"देव हृदय बघतो," आत्या म्हणाली. "शेजारी बसलेला माणूस कपडे बघतो. दोघांचीही सोय बघावी लागते."

"मग आमचं कसं? आमच्या पोटऱ्या उगड्याच हायेत की."

"तुमचं लुगडं कामाला नेसलंय. दाखवायला नाही."

"दाखवायला आता ऱ्हायलंय काय, बाई," म्हातारी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. मी खालच्या पायरीवर उभा होतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातला माणूस म्हणून हसावं की नाही ते मला ठरवता आलं नाही. मला बहुतेक गोष्टींत तसंच होतं. आधी शंका येते, मग अपराधी वाटतं, आणि तोवर बाकीचे हसून मोकळे झालेले असतात.

तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे बाप्तिस्म्याचे झगे. आमच्याकडे बाप्तिस्मा कासारसाईच्या धरणावर, पूर्ण बुडवून होतो. आत्याला स्वतःला तान्हेपणी कपाळावर थोडं पाणी शिंपडून मिळाला होता, त्यामुळे हा प्रकारच तिला जरा सढळ वाटतो. त्यात पहिल्या वेळी पांढऱ्या कपड्यांतल्या दोन मुली पाण्यातून बाहेर आल्या आणि आत्या शाल घेऊन चपलांसकट गुडघाभर पाण्यात धावली. त्यानंतर तिने जाड गडद निळ्या कापडाचे झगे शिवून घेतले. झगा पाण्यावर फुगून तरंगू नये म्हणून धरणावरच्या मासे धरणाऱ्यांकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणून खालच्या दुमडीत भरले. पुढच्या खेपेला पहिला उमेदवार लातूरचा, अंगाने भरलेला गृहस्थ. आमचे पाळकसाहेब किरकोळ. त्यांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला पाण्याखाली नेलं, आणि तो वर येईना. मी आणि वडीलमंडळातला आणखी एक जण धावलो तेव्हा तो निघाला. चहाच्या वेळी त्याने साक्ष दिली की बाप्तिस्म्यात जुना मनुष्य मरतो म्हणजे काय ते आपल्याला आज नीट समजलं. आत्याने एवढंच विचारलं, "झगा तरंगला नाही ना?"

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आत्या बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडलेलीच राहिली. पेला धरता येई, चमचा धरता येई, निऱ्या धरता येत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, या वयात होईल तेवढं होईल. घरी ती मॅक्सी घालू लागली, आणि त्यावर टॉवेल. मॅक्सीवर टॉवेल टाकून दूध आणायला जाणाऱ्या बायकांना ती गॅलरीतून पाहून काय काय बोलायची ते मी लिहीत नाही. आता ती गॅलरीत जाईनाशी झाली.

आणि उपासनेलाही येईना. एक कबुली द्यायला हवी. ती नव्हती त्या पहिल्या रविवारी हॉलमध्ये सगळे सैल होऊन बसले होते, आणि मलाही बरं वाटलं होतं. दारात कुणाला ओशाळवाणं व्हावं लागलं नाही. घरी आलो तर आत्या मॅक्सीत, पाठ ताठ ठेवून, खुर्चीवर बसली होती. "प्रभुभोजन झालं?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बरं."

साठेक वर्षांत प्रभूच्या भाकरीच्या आणि प्याल्याच्या त्या मेजाला ती चुकली नव्हती. आता महिने जाऊ लागले. माझी बायको म्हणाली, "आत्या, मी नेसवते ना. दोन मिनिटांचं काम." आत्या म्हणाली, "सूनबाई, मी आयुष्यभर लोकांना कपडे घातलेत. जिवंत माणसांना घातलेत, मेलेल्यांना घातलेत. दुसऱ्याने कपडे घातले की माणूस पेशंट होतो." मग मी गुपचूप शिवलेली साडी आणली, निऱ्या आधीच घातलेली, परकरासारखी चढवायची. तिने ती उलटीपालटी करून पाहिली. "ही साडी नाही. हे साडीचं सोंग आहे," ती म्हणाली. "हे घालून प्रभूसमोर जाऊ?" पंजाबी ड्रेसचं तर मी नावच काढलं नाही. शेवटी पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरी यायला तयार झाले. आजारी माणसांना तसं देतात. ते बाहेरच्या खोलीत बसले आणि आत्या आतल्या दारामागून बोलली.

"पाळकसाहेब, सलाम. माफ करा, पण ते आजाऱ्यांसाठी असतं. मी आजारी नाही. मी नुसती नेसलेली नाही."

पाळकसाहेब चहा पिऊन परत गेले. प्यालाही तसाच गेला. ती आता पुन्हा कधी येणार नाही, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

ईस्टरच्या सकाळी बायको गायनाच्या सरावासाठी लवकर हॉलवर गेली होती. मी बूट घालत होतो. आत्याने खोलीतून हाक मारली. आत गेलो तर ती उभी होती. ब्लाऊज आणि परकर तिने आपला आपण घातला होता, किती वेळ लागला कोण जाणे, आणि वरून शाल घेतली होती. पलंगावर घडी मोडलेली साडी.

"नेसव," ती म्हणाली.

"आत्या, मला येत नाही. तिला फोन करतो, येईल ती."

"तिला येतं. म्हणून नको. ती नेसवेल आणि मी उभी राहीन. तुला येत नाही. मी सांगते, तू हात चालव."

मी डोळे मिटून घेतले. लाजेने म्हणा, आदराने म्हणा.

"डोळे उघड गाढवा, निऱ्या वाकड्या होतील. नजर कापडावर ठेव. आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला एवढंच शिकवायचे. कापडावर नजर, आणि हात थंड नकोत."

मी हात चोळले. ती सांगत गेली. इथून खोच, एक फेरा घे, पदर आधी सोड, आता निरी, अंगठ्यावर घे, सारखी घे, ही लहान झाली, मोड. मी पगाराचा हिशोब करणारा माणूस, नऊ आकडी बेरजा जुळवतो, पण निऱ्या जुळेनात. तिसऱ्यांदा मोडल्या तेव्हा माझ्या कपाळाला घाम आला होता. आत्या मात्र खुशीत होती. इतक्या महिन्यांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. वॉर्डातल्या नव्या पोरींवर ती अशीच ओरडत असणार. शेवटी तिने निऱ्यांकडे वरून पाहिलं. त्या उलट्या बाजूला वळल्या होत्या आणि पदर आखूड झाला होता.

"पुन्हा करू?" मी विचारलं.

"उपासना चुकेल. चल."

रिक्षात ती नेहमीसारखी बसली, फक्त साडीचा आवाज कमी झाला. हॉलमध्ये सगळ्यांनी पाहिलं आणि सरकून तिला जागा करून दिली. प्रार्थनेला तिने पदर डोक्यावर घेतला, तो पुरेना. सारखा घसरायचा आणि ती वाकड्या बोटांनी ओढायची. मागच्या ओळीतून माझी बायको उठली, स्वतःच्या खांद्यावरची पिन काढून तिने तो पदर आत्याच्या केसांत टोचला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. आत्याने मान हलवली नाही. मग ती मेजाकडे गेली. भाकर तिने डाव्या हाताने घेतली.

आता दर रविवारी बायकोच नेसवते. माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली. आत्या उभी राहते आणि काही सांगत नाही. दारापाशीही ती कुणाला काही सांगत नाही. सलाम म्हणते, हात हातात घेते आणि सोडते. मंडळीतल्या काहींना हे तिच्यातल्या कृपेचं काम वाटतं, आणि असेलही. गेल्या महिन्यात अकोल्याची एक नवी मुलगी आली होती, बाह्या नसलेल्या पिवळ्या कुर्त्यात. आत्या दारातच तिच्याकडे बघत राहिली. शेजारी उभ्या असलेल्या बायकांची नजर ओढण्यांच्या टोपलीकडे गेली. आत्या म्हणाली, "रंग छान आहे. तुला शोभतो." आणि आत जाऊन बसली.

उपासना सुटल्यावर मंडळीत पहिल्यापासून येणारी एक मुलगी काळजीने माझ्याकडे आली. "अंकल, आत्यांची तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे, मी म्हणालो. आत आत्या खुर्चीवर बसून होती, माझी बायको येऊन तिचा पदर सारखा करेपर्यंत.