चोवीस डिसेंबरचं ताट

कुपवाडच्या एमआयडीसीत गुंडा चहावाल्याच्या गाड्यावर महंमद मुजावर येऊन बसले की कुणीतरी हमखास विषय काढायचं, "चाचा, साहेबांबरोबर जेवलेलं सांगा की." आणि महंमद सांगायचे.

साहेब म्हणजे वारनाइटिस, लिथुआनियाचे दिल्लीतले राजदूत. महंमदनी चार वर्षं त्यांची गाडी चालवली. साहेबांचे आईवडील सैबेरियात हद्दपार झालेले. साहेब तिथंच, बर्फात जन्मले. देश स्वतंत्र झाल्यावर मंत्री झाले, मोठमोठ्या करारांवर सह्या केल्या. मागच्या सीटवरून मोडक्या हिंदीत सांगितलेलं हे सगळं महंमदना स्वतःच्या घराण्यासारखं पाठ होतं.

२०१३च्या चोवीस डिसेंबरला, संध्याकाळी, ते पार्सल द्यायला बंगल्यात गेले. टेबलावर दोन ताटं, माणूस एकटाच. साहेब म्हणाले, "बैठो." महंमद दुसऱ्या ताटावर बसले. मासे, बीट, खसखशीचं दूध. मांस नाही, दारू नाही. साहेबांनी स्वतःच्या हातानं वाढलं.

"राजदूतानं वाढलंय मला!" महंमद घरीही सांगायचे.

"आवं, मग त्येंच्याकडंच जावा ऱ्हायला," बायको अकिला म्हणायची. "माझ्या हातचं कशाला गोड लागंल?"

यंदा साहेबांचं आत्मचरित्र निघालं. महंमदनी हट्टानं मागवलं. नात अर्शिया फोनवर भाषांतर करून वाचायला लागली.

"माझं नाव कुठं हाय बघ."

दिल्लीवर अकराच पानं होती. त्यातल्या सातव्यावर होतं: 'नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गेलेल्या माणसाचं ताट मांडतो. त्या वर्षी माझी पत्नी रूता गेली होती. ड्रायव्हरला मी दारापाशी टेकायला सांगितलं. तो तिच्या खुर्चीत बसला. त्याला उठवणं मला जमलं नाही. तो पोटभर जेवला. त्यानंतर मी ते ताट कधीच मांडलं नाही.'

अर्शिया थांबली.

"पुढं?"

"पुढं साहेबांची बदली, नाना."

"ड्रायव्हरचं नाव?"

"न्हाई."

अकिलानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

दुसऱ्या सकाळी गाड्यावर गुंडानं नेहमीचं काढलं, "चाचा, राजदूताचं जेवण हून जाऊ द्या."

"टेबलावर कुठला बसतोय, गड्या! साहेबांनी दारातनंच ताट दिलं. मी गाडीत बसून खाल्लं."

गुंडा चहा गाळायचा थांबला. "म्हंजे इतकी वर्सं थापाच मारल्या व्हय?"

"व्हय," महंमद म्हणाले. "लय मारल्या."