समुद्रातल्या विहिरीचं यंत्र आणि मल्लेश्वरमचं कुंकू

लोक बंगळूरला बागा बघायला जातात, आम्ही गेलो एक यंत्र बघायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे समुद्रातल्या तेलविहिरींवर दुरुस्तीच्या कामाला होते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस मिरजेला घरी. एका पाळीहून परतले ते आठच बोटं घेऊन. विहिरीतला नळ सोडवताना दोन बोटं लोखंडी चिमट्यात सापडली. कसं झालं विचारलं की म्हणायचे, "नशीब." जखम भरली आणि हे पुन्हा तिथंच रुजू. मी देवाजवळ एकच मागायची, उरलेली आठ राहू देत.

माझा मामेभाऊ तीन पिढ्यांचा बंगळूरकर, सगळे त्याला अण्णाच म्हणतात. पीण्या या तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत त्याचा छोटा कारखाना. त्याचं पत्र आलं, "माणसानं हात न लावता नळ सोडवणारं यंत्र केलंय. तेल कंपनीचे साहेब लोक चाचणी बघायला येताहेत. समुद्रावरचा जुना माणूस हो म्हणाला तरच यंत्र तिकडे जाईल. ताई, दाजींना घेऊन ये."

हे हसले. "हाताला कळतं ते लोखंडाला काय कळणार?" पण तिकिटं काढली.

दोन दिवसांचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, त्यामुळे गाडीत चहाशिवाय खर्च नाही. अण्णाचं घर मल्लेश्वरमला. तिकडे जाणाऱ्यांनी मोठ्या स्टेशनापर्यंत जाऊ नये, यशवंतपूरलाच उतरावं. रिक्षाचं भाडं निम्म्यावर येतं. रिक्षावाला "स्वल्प जास्त द्या" म्हणाला, मी मीटरकडे बोट दाखवलं.

सकाळी अण्णाकडे इडली खाताना मी विचारलं, "विहिरीत पाणी नसतं, मग असतं काय रे?"

अण्णानं कॉफीचा पेला पुढे ओढला. "ताई, समुद्राच्या तळाखाली मैलभर खोल भोक आहे असं समज. आत नळच नळ. तेल संपलं की ते एकेक करून वर ओढायचे, आटे सोडवायचे, मग भोकात सिमेंटचं बूच मारायचं. नाहीतर उरलेला वायू वर येतो. यातलं नळ सोडवायचं काम सगळ्यात वाईट."

"ते मला सांगू नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मल्लेश्वराचं दर्शन घेतलं, देवळातलं कुंकू पुडीत बांधून घेतलं. मग बसनं पीण्याला. रस्ताभर लहान-लहान कारखाने, प्रत्येकातून वेगळा ठोका. वाटेत एका उडप्याकडे थांबलो. तिथली कॉफी चुकवू नका, माझ्यासारख्या हात आखडणारीनंही दुसरी घेतली.

अण्णाच्या कारखान्यामागे जमिनीत खोल खड्डा करून नळांची नकली विहीर उभी केली होती. तिच्या शेजारी ते यंत्र. माणसाच्या दुप्पट उंच, दोन लोखंडी हात, ताजा पिवळा रंग. खरं सांगते, मी बघतच राहिले. हे माझ्या मामाच्या पोरानं केलं!

"ताई, नारळ तू फोड," अण्णा म्हणाला. मी नारळ फोडला, यंत्राच्या दोन्ही हातांना कुंकू लावलं. हातांच्या मधोमध एक चकचकीत गोल काच होती. मला ते कपाळच वाटलं. तिथं चांगला ठसठशीत टिळा लावला.

साहेब आले. अण्णानं बटण दाबलं. हात नळापर्यंत गेले आणि थांबले. लाल दिवा लागला. पुन्हा बटण, पुन्हा लाल दिवा. साहेब घड्याळाकडे बघायला लागले. अण्णा पेटी उघडून तारा तपासतोय, घाम पुसतोय, "सगळं सरी आहे, सगळं बरोबर आहे" म्हणतोय. हे माझ्या कानाशी लागले, "सांगितलं नव्हतं?"

माझी नजर काचेवर गेली. "अण्णा, ही गोल काच कशाची रे?"

"तो त्याचा डोळा, ताई. नळाचा सांधा त्यातून..." अण्णा कुंकवाकडे बघत राहिला.

"अण्णा, माझी चूक. मीच त्याचा डोळा झाकला." मी पदर ओला करून काच पुसायला लागले. आधी मोठे साहेब हसले, मग सगळेच. अण्णानं कोरड्या कपड्यानं शेवटचा हात मारला.

दिवा हिरवा झाला. त्या हातांनी नळ धरला, आटे सोडवले, नळ उचलून बाजूला मांडला. मग दुसरा, मग तिसरा. जवळ एकही माणूस नाही. शेवटी बूचही त्यानंच खाली सोडलं. माझे हात आपोआप जोडले गेले.

साहेबांनी ह्यांना विचारलं, "काय, चालेल?"

हे म्हणाले, "चालेल. नळ सोडवला म्हणून नव्हे. दिसत नव्हतं तेव्हा थांबलं, म्हणून. बोटं गेली त्या दिवशी माझ्या चष्म्यावर विहिरीतला चिखल उडाला होता. सांधा दिसत नव्हता. पण मागे चार माणसं खोळंबली होती, मी थांबलो नाही."

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं. नशीब नव्हतं ते.

परतीला अक्कांनी, म्हणजे अण्णाच्या बायकोनं, चिंचेच्या भाताचं पुळियोगरे बांधून दिलं. मिरजेपर्यंत पुरलं. पुढे यंत्र समुद्रात गेलं, पण ह्यांच्या विहिरीवर यायला वेळ लागला. तोवर हे जातच होते. निघताना मी ह्यांच्या कपाळाला टिळा लावायची, मग त्यांचा चष्मा काढून पदरानं पुसायची.

"आणि दिसलं नाही तर?" मी विचारायची.

"थांबेन," हे म्हणायचे.

नोकरी संपली तेव्हाही बोटं आठच होती.