हिरव्या बांगडीतलं भोक

अंगात येणं, भानामती असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चारचौघांत बोलायला लाजते... म्हणून हे वहीतच लिहून ठेवते.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ सुभाष पुण्याहून आमच्या घरी, कामरगावला आला. मनगटी घड्याळात बसवायचे माणकाचे खडे बनवणाऱ्या कारखान्यात तो होता. खडा खसखशीएवढा, अन् त्याला आरपार भोक — लेसर नावाच्या उजेडाने पाडलेलं.

सासूबाई हसल्या. "उजेडानं भोक पडत असतं तं आपल्या छपरावरच्या कवेलूची चाळणी झाली असती. उन्ह का कमी हाय इथं?"

सुभाष चिडला. खिशातून कागदाची पुडी काढली. साहेबांना न विचारता एक खडा आणला होता. मी तीळ पाखडत होते. दाखवायला तो वाकला अन् खडा थेट सुपात पडला.

"बाई, सोमवारी हा जागेवर पाह्यजे," तो मला हळूच म्हणाला. "नाई तं माही नोकरी गेली."

दुपारभर आम्ही तीळ निवडले. मग वारा सुटला, म्हणून मी सूप धान्याच्या खोलीत नेलं. तिथे खिडकी नाही. दार लोटलं अन् कंदिलासाठी काडेपेटी चाचपू लागले...

सुपातून एक लाल रेघ सरळ वर गेली होती. केसाहून बारीक. हलत नव्हती. भीती वाटली नाही — गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. रेघ निघत होती तिथे चिमटी नेली. रेघ क्षणभर माझ्या काचेच्या बांगडीवर थांबली अन् विझली. चिमटीत चार तिळांबरोबर खडा होता.

बाहेर येऊन हात पुढे केला.

सगळं ऐकल्यावर सुभाषने छपरावर चढून एकेक कवेलू पाहिलं. कुठेच फट नव्हती. "खडा सोता उजेड देत नाई, बाई. त्याले बाहेरून उजेड लागते."

मग त्याने माझी बांगडी भिंगाखाली धरली. काचेला आरपार बारीक भोक पडलं होतं. "हे आमच्या मशीनचं भोक हाय. पर मशीन तं पुण्यात हाय."

खडा सोमवारी जागेवर गेला. नोकरी राहिली. कासाराला विचारलं, तो म्हणाला, काचेला असं भोक पाडलं की ती तडकतेच.

माझी तडकली नाही. ती डब्यात आहे. उन्हाकडे धरून डोळा लावला की हिरव्या काचेत उजेडाचा एक कण दिसतो. तो कसा आला, सुभाषलाही अजून सांगता येत नाही. मी बघते अन् पुन्हा कापसात गुंडाळून ठेवते.